मागे घर आहे

डिपॉझिट बुडाल्याचं मला कळलं तेव्हा मी एका लिफ्टच्या टपावर उभा होतो. मंगळवार होता, दुपारचे बारा वाजले असतील. चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये लिफ्ट थांबवून मी दोर तपासत होतो. टपावर असताना फोन बघायचा नाही, हे कामावर येणाऱ्या नव्या माणसांना मीच शिकवतो. पण खिशात फोन तीनदा थरथरला. लेक दुसऱ्या शहरात असते, तिचं काही असेल म्हणून काढून बघितला.

पत्र एजंटचं होतं, फोनवर पाठवलेलं. आमचे घरमालक म्हातारे झाले, मुलाकडे राहायला गेले आणि जाताना घराचा सगळा कारभार या एजंटच्या हाती देऊन गेले. घर सोडून मला सव्वा महिना झाला होता. डिपॉझिट आज देतो, उद्या देतो, असं चाललं होतं. आता उत्तर आलं होतं.

पत्रात चार कलमं होती. बेसिनला तडा. ओट्यावर जळल्याचा डाग. छोट्या खोलीच्या भिंतीत चार भोकं. त्याच खोलीच्या फरशीवर तेलाचा डाग. आणि खाली लिहिलं होतं, "भाडेकरूच्या पत्नीने राहत्या घरात शिवणकाम करून घराचा गैरवापर केला व वरील नुकसान त्यातून झाले. सबब डिपॉझिट परत मिळणार नाही. हरकत असल्यास सात दिवसांत भाडे तक्रार कचेरीत नोंदवावी."

बायको जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते.

खालून कामावरच्या जोडीदाराने हाक मारली, "काय रे, झोप लागली का वर? सोडू का खाली?"

"सोड," मी म्हटलं.

आधी थोडं बायकोबद्दल सांगतो, म्हणजे मला एवढा राग का आला ते कळेल. ती शिवणकाम करायची. बत्तीस वर्षं केलं. उरलेल्या चिंध्यासुद्धा ती पुडी बांधून गिऱ्हाइकाला परत द्यायची. लोक म्हणायचे, ठेवा हो, काय करायच्यात आम्हाला. ती म्हणायची, तुमचं कापड आहे, घरी नेऊन फेका, पण माझ्याकडे नको. अशा बाईने घराचा गैरवापर केला म्हणे.

संध्याकाळी लेकीला फोन केला. ती म्हणाली, "बाबा, सोडा ना. कशाला डोक्याला ताप? तेवढे पैसे मी पाठवते."

"पैसे तू पाठवशील गं. ती ओळ कोण खोडेल?"

"कुठली ओळ?"

मी वाचून दाखवली.   मग ती म्हणाली, "बाबा, सोडू नका."

बुधवारी अर्धी रजा टाकून कचेरीत गेलो. खिडकीवरच्या कारकुनाने अर्ज भरून घेतला, शिक्का मारला आणि विचारलं, "राहायला आलात तेव्हा घर कसं होतं, ते दाखवणारं काही आहे का? फोटो वगैरे?"

"अकरा वर्षं झाली साहेब. कुठून आणू फोटो?"

"मग अवघड आहे. तुम्ही म्हणणार आधीच होतं, एजंट म्हणणार यांनी केलं. इथे ज्याच्याकडे कागद, त्याचं खरं. सोमवारी अकराला सुनावणी. पुढचे या."

मी निघालो. जिना उतरताना मधल्या पायरीवर एकदम थांबलो. मागचा माणूस माझ्यावर आदळला.

"कागद होता!" मी त्यालाच सांगितलं.

"मग घेऊन या की," तो म्हणाला आणि बाजूने उतरून गेला.

कागद होता. माझ्या डोळ्यांसमोर झालेला कागद, आणि मी तो साफ विसरून गेलो होतो.

बायकोची एक पद्धत होती. गिऱ्हाइकाने कापड आणलं की ती आधी ते उजेडात धरायची. कुठे धागा तुटलाय, कुठे रंग उडालाय, ते शोधून तिथे लाल दोऱ्याची गाठ मारायची. मग कागदावर तेवढ्या खुणा काढून त्याखाली गिऱ्हाइकाची सही घ्यायची. गिऱ्हाइकं हसायची. ती म्हणायची, "कात्री लागायच्या आधीची खोट कापडाची. नंतरची माझी. आत्ता काय ते बघून घ्या."

अकरा वर्षांपूर्वी आम्ही त्या घरात राहायला आलो त्या दिवशी तिने घराचंही तेच केलं. सामान खाली टेम्पोत होतं. टेम्पोवाला दर पाच मिनिटांनी हॉर्न मारत होता. मी म्हणत होतो, अगं, निदान खाट तरी वर आणू दे. पण तिने पेटी उघडली नाही, चूल मांडली नाही. कापणीचे चार तपकिरी कागद खळीने एकाला एक चिकटवले आणि त्यावर अख्खं घर काढलं. पट्टी धरायला मी. बेसिनला तडा होता, तिथे लाल पेन्सिलीने फुली. ओट्यावर कुणीतरी तापलेलं भांडं ठेवलं होतं, तिथे फुली. छोट्या खोलीच्या भिंतीत आधीच्या भाडेकरूने फळी ठोकली असेल, त्याची चार भोकं, त्यांना चार फुल्या. घरमालक किल्ली द्यायला आले तेव्हा कागद जमिनीवर पसरलेला होता.

ते म्हणाले, "बाई, मी घर भाड्याने देतोय, कापायला नाही."

ती म्हणाली, "सामान आत आलं की आमची कात्री लागली, काका. आधी सही करा."

त्यांनी हसत हसत गुडघे टेकून सही केली. त्यांची सही मोठी ऐटबाज होती, शेवटी लांब शेपूट. ते शेपूट कागदावरच्या गॅलरीच्या दारापर्यंत गेलं होतं. हे मला त्या जिन्याच्या पायरीवर लख्ख आठवलं.

आणि लगेच दुसरी गोष्ट आठवली. घर सोडताना तिच्या कागदांच्या सगळ्या गुंडाळ्या मी मेव्हणीला देऊन टाकल्या होत्या.

मेव्हणी म्हणजे बायकोची धाकटी बहीण. तिचं शिवणाचं दुकान आहे. घरात सगळे तिला कात्री म्हणतात. धंद्यामुळे नाही, जिभेमुळे. बायकोच तिला शिकवणारी, पण बायको बोलायची कमी आणि ही दोघींचं मिळून बोलते.

कामावर अर्ध्या दिवसाची आणखी रजा सांगितली आणि तडक तिच्या दुकानात गेलो. खरं तर पळतच गेलो. माझं वय अठ्ठावन्न आहे आणि गुडघे लिफ्टवाल्याचे आहेत. दारात पोचलो तेव्हा बोलता येईना.

"काय झालं भाऊजी? कुत्रं मागे लागलं का?" कात्री मशीन न थांबवता म्हणाली.

"कागद. तुझ्या ताईचे कागद. कुठायत?"

"आधी बसा. पाणी प्या. कुठले कागद?"

"मी दिलेले. सगळ्या गुंडाळ्या. वापरल्यास का?"

"मग काय बघत बसायला दिल्या होत्या? थोड्या वापरल्या."

"फेकल्यास का?"

आता तिने मशीन थांबवलं. "भाऊजी, कागद फेकणारी शिंपीण बघितलीत कधी? फेकल्यास का म्हणे!"

दुकानात एक बाई चेन बसवून घ्यायला आल्या होत्या, स्टुलावर बसून वाट बघत होत्या. त्या म्हणाल्या, "काही हरवलंय का?"

"घर हरवलंय," मी म्हटलं. मला नीट सांगता येईना. मग पाणी प्यायलो आणि पहिल्यापासून सांगितलं. पत्रातली ओळ सांगितली तेव्हा कात्रीने हातातली टाचणी टाचणगादीत एवढ्या जोराने खुपसली की ती पलीकडून बाहेर आली.

"गैरवापर? माझ्या ताईने? उठा. काढा सगळं खाली."

आम्ही माळ्यावरून सगळ्या गुंडाळ्या काढल्या. सदतीस निघाल्या. एक एक उघडायची, बघायची, बाजूला टाकायची. झगे, सदरे, कुणाकुणाचे कोट. प्रत्येकावर बायकोच्या अक्षरात गिऱ्हाइकाची खूण. "बँकवाल्या बाई, उजवा खांदा उतरता." "गोळ्यावाला, पोट वाढतंय, शिलाई सोडून ठेवणे." कात्री मोठ्याने वाचायची आणि हसायची, आणि चेनवाल्या बाईही हसायच्या. आपली चेन राहिलीय हे त्या विसरल्याच होत्या. त्याही खाली बसून गुंडाळ्या उघडायला लागल्या. मला आठ महिन्यांत एवढं बरं वाटलं नव्हतं. आता निघेल, पुढच्या गुंडाळीत निघेल, असं होत होतं.

सदतीस संपल्या. घर निघालं नाही.

मी भिंतीला टेकून बसलो. कात्री कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "भाऊजी, अजून काही दिलं होतंत?"

"एक पिशवी होती. कपाटातली. मी उघडली नाही."

"का नाही उघडलीत?"

मी जमिनीवरच्या गुंडाळ्या वळायला लागलो. तिने कपाटामागून पिशवी काढून आणली.

पिशवीत शर्टाचं कापड होतं. निळसर, बारीक चौकडीचं, कोरं. त्यावर शर्टाचे कापलेले कागद, लेसने बांधलेले. वरच्या कागदावर बायकोचं अक्षर होतं, आजारपणातलं, जरा कापरं. "यांचा शर्ट."

 चेनवाल्या बाईंनी पदर सारखा केला.

कात्रीने लेस सोडली. वरचा कागद हातात घेऊन वाचला, "यांचा शर्ट. पाठ." आणि त्याखाली, "मागे घर आहे. फेकू नये."

"मागे घर आहे? म्हणजे काय हो?"

मी तिच्या हातातून कागद घेतला आणि उलटा केला. मागे स्वयंपाकघर होतं. खिडकी, ओटा, आणि ओट्यावर लाल फुली.

मी ओरडलो. नक्की काय ओरडलो ते आठवत नाही, पण शेजारचा घड्याळजी धावत आला. कात्री म्हणते, मी तिला उचलून फिरवलं. मी असं केलं नसणार, माझा गुडघा ते करू देत नाही. पण ती सगळ्यांना तसंच सांगते.

काय झालं होतं ते आता कळत होतं. शेवटच्या वर्षी बायको घराबाहेर पडत नव्हती. तिने मला कापणीचा कागद आणायला सांगितला होता. मी विसरलो. पुन्हा सांगितला, पुन्हा विसरलो. तिसऱ्यांदा तिने सांगितलं नाही. होता तो कागद घेतला आणि कोऱ्या बाजूला माझा शर्ट काढला. कागद कापला तरी घर जपायचं म्हणून प्रत्येक तुकड्यावर लिहून ठेवलं.

प्रत्येक तुकड्यावर लिहिलं होतं. बाही, मागे घर आहे, फेकू नये. कॉलर, मागे घर आहे, फेकू नये. कफावर जागा कमी म्हणून नुसतंच "मागे घर."

"टेबल मोकळं करा!" कात्रीने हुकूम सोडला. टेबल पुरेना म्हणून जमिनीवर चादर अंथरली आणि आम्ही घर जोडायला बसलो. मी, कात्री, चेनवाल्या बाई आणि घड्याळजी.

"बाथरूम इकडे हो."

"तिकडे नाही बसत. ती बाही आहे, उलटी फिरवा."

"अहो, बाहीची डावी बाजू म्हणजे कागद उलटल्यावर उजवी ना!"

"तुम्ही घड्याळं बघा."

बाहीवर बाथरूम निघालं, बेसिन आणि त्यावर फुली. खांद्याच्या तुकड्यावर छोटी खोली निघाली, भिंत आणि एका ओळीत चार फुल्या. मी त्या दहादा मोजल्या. चारच.

"हॉल कुठे गेला पण?" चेनवाल्या बाईंनी विचारलं. मध्ये मोठं भगदाड होतं.

"काखेत गेला," कात्री म्हणाली. "बाहीच्या गोलाईत कापला गेला. हॉलमध्ये फुली होती का भाऊजी?"

"नव्हती."

"मग जाऊ दे. ताईने बघूनच कात्री घातली असणार."

हे तिचं बरोबर होतं. एकही फुली कापली गेली नव्हती. बायकोने शर्ट असा बसवला होता की सगळ्या फुल्या तुकड्यांत राहतील आणि मोकळी जागा तेवढी चिंधीत जाईल. कात्री ते बघून दोनदा म्हणाली, "बघा, बघा कशी बसवलीय." मग नाक पुसलं.

पण सही नव्हती.

पुढच्या डाव्या भागावर गॅलरीचं दार होतं आणि दाराजवळ शाईची एक लांब रेघ. सहीचं शेपूट. ते कडेपर्यंत येऊन तुटलं होतं. सही त्याच्या पलीकडे हवी होती, आणि पलीकडचा तुकडाच नव्हता.

"सही चिंधीत गेली," मी म्हटलं.

"गप्प बसा. ताई सही चिंधीत घालेल?" कात्री बोटांवर मोजायला लागली. "पाठ. पुढचे दोन. खांदा. बाही. कॉलर. कॉलरची पट्टी. कफ. आठच. खिसा कुठाय?"

"खिसा नसेल."

"तुमच्या शर्टाला खिसा नसेल? खिशात पाना, खिशात पेन्सिल, खिशात टेस्टर. तुमच्या खिशाला ताई दुहेरी शिलाई मारायची. खिसा नाही म्हणे!"

आणि बोलता बोलता ती थांबली. कात्री बोलता बोलता थांबली, हे मी तीस वर्षांत पहिल्यांदा बघितलं. ती हळूहळू भिंतीकडे वळली. कापणीच्या टेबलाच्या वर एक खिळा आहे. त्या खिळ्याला खिशाचा एक तपकिरी कागद अडकवलेला होता, कडा मऊ झालेला, दोन्ही बाजूंनी खडूने इतका पांढरा पडलेला की त्यावरचं अक्षर दिसू नये.

"भाऊजी," ती म्हणाली, "दीड वर्षापूर्वी मी ताईकडून एक खिसा नेला होता. आकार फार छान होता म्हणून. ती म्हणाली, ने, पण परत दे हो, यांचा आहे."

"मग?"

"मग दिला नाही."

तिने खिळ्यावरून तो काढला, खडू झटकला आणि उलटा केला. त्यावर बायकोचं एक वाक्य होतं, "या खुणा आम्ही येण्याआधीच्या आहेत," खाली तारीख, आणि खाली घरमालकांची सही. शेपूट तुटलेलं.

"दीड वर्ष!" कात्री मटकन खाली बसली. "दीड वर्ष मी घरमालकाच्या सहीवर खिसे कापतेय! अर्ध्या गावाच्या छातीवर तुमचा घरमालक आहे भाऊजी!"

हसून हसून घड्याळजीच्या डोळ्यांत पाणी आलं. चेनवाल्या बाई म्हणाल्या, "लावा ना, लावा ना आधी." कात्रीने खिसा पुढच्या भागाला लावला. शेपूट शेपटाला जुळलं. केसाचाही फरक नाही.

चेनवाल्या बाईंची चेन कात्रीने फुकट बसवून दिली.

सोमवारी दहालाच आम्ही कचेरीत होतो. कात्रीने दुकान बंद ठेवलं होतं आणि टाचण्यांची डबी, पट्टी आणि सगळ्यात लांब जीभ बरोबर आणली होती. कागद मी पुठ्ठ्यात घालून पोटाशी धरले होते. बसमध्ये बसायला जागा होती तरी उभाच राहिलो, दुमडतील म्हणून.

एजंट वेळेवर आला. तरुण आहे, बोलायला गोड. "काका, कशाला एवढे कष्ट घेतलेत? आधी बोलला असतात तर थोडंफार केलं असतं आपण."

"आपण कोण?" कात्रीने विचारलं.

"या कोण?"

"मी त्यांची मेव्हणी. जिने गैरवापर केला तिची बहीण."

त्याने हातातली फाईल उघडली.

सुनावणी घेणाऱ्या मॅडम पन्नाशीच्या होत्या, चष्मा नाकावर. त्यांनी एजंटचं ऐकलं, त्याचे फोटो बघितले आणि मला विचारलं, "तुमच्याकडे काय आहे?"

मी म्हटलं, "शर्ट आहे."

"काय?"

"म्हणजे घर आहे. शर्टाच्या मागे."

कात्रीने मला कोपर मारलं आणि पुढे झाली. मोठ्या टेबलावर तिने तुकडे एक एक लावले, टाचण्यांनी टाचले. मॅडम खुर्चीतून उठून आल्या. मी पत्रातलं एक एक कलम वाचत होतो आणि कात्री बोट ठेवत होती. बेसिन, हे बघा. ओटा, हे बघा. चार भोकं, मोजा मॅडम, एक, दोन, तीन, चार.

एजंट म्हणाला, "मॅडम, ही तर शर्टाची कापणी आहे. मागच्या आठवड्यात कुणीही घरी बसून काढेल. सही त्या एका तुकड्यावर आहे. बाकीचे तुकडे त्याच कागदाचे कशावरून?"

 मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी कात्रीकडे बघितलं.

कात्री मुळीच घाबरली नाही. "साहेब, तुम्ही शर्ट घातलाय ना? कापता येतो का?"

"त्याचा काय संबंध?"

"सांगते. कागद वाचवायचा असला की दोन तुकडे एकाच रेघेवर कापतात. एका कात्रीत दोन कडा. माझ्या ताईने खिसा आणि हा पुढचा भाग असा कापलाय. आता मॅडम, ही सही बघा. हे तिचं शेपूट. इथून निघालं, इथे कात्री लागली, आणि इथे पुढे गेलं. अर्धं खिशावर, अर्धं छातीवर. तुमच्या घरमालकाला मागच्या आठवड्यात बोलावून दोन तुकड्यांवर एक शेपूट काढून घेतलं का आम्ही?"

मॅडमनी चष्मा काढला, पुन्हा लावला, वाकून बघितलं. मग फायलीतून भाडेकराराची प्रत काढली आणि त्यावरची सही खिशाशेजारी ठेवली. तीच ऐट, तेच शेपूट. पुढच्या भागाशी खांदा खळीच्या सांध्यावरून जुळत होता, आणि खांद्याशी पाठ. मॅडमनी प्रत्येक सांध्यावरून बोट फिरवलं. मला ते बघवत नव्हतं आणि नजरही काढता येत नव्हती.

"आणि तेलाचा डाग?" त्या म्हणाल्या. "चौथं कलम. इथे फुली दिसत नाही."

कात्रीने तोंड उघडलं. मी आधी बोललो. "तो आमचा आहे, मॅडम. मशीनचं तेल. अकरा वर्षं तिथे मशीन होतं. मी घासला, पूर्ण निघाला नाही."

कात्रीने माझ्याकडे असं बघितलं की दुसरा माणूस तिथल्या तिथे आडवा झाला असता. पण बायको असती तर तिने हेच सांगितलं असतं. कात्री लागल्यानंतरची खोट आमची.

मॅडमनी लिहायला घेतलं. फरशी घासून घेण्याचा खर्च वजा, बाकी डिपॉझिट एकवीस दिवसांत परत. एजंट मान हलवत होता.

"अजून एक आहे," मी म्हटलं. "ती ओळ."

"कुठली?"

मी पत्राची छापून घेतलेली प्रत पुढे केली. मॅडमनी वाचलं. मग एजंटला म्हणाल्या, "हे पत्र मागे घ्या. ही ओळ वगळून नवं पाठवा. त्याची प्रत मला इथे हवी."

"मॅडम, तो आमचा ठरलेला मजकूर असतो..."

"मग ठरलेला बदला."

बाहेर आल्यावर कात्रीने रस्त्यात उभं राहून लेकीला फोन लावला आणि सगळी सुनावणी पुन्हा करून दाखवली, एजंटच्या आवाजासकट. येणारे जाणारे बघत होते. शेवटी लेकीने मला फोनवर मागितलं. म्हणाली, "बाबा, आईने तुमचा शर्ट कापून घर वाचवलं की घर कापून शर्ट?"

मी म्हटलं, "मला विचारू नकोस, मी कागद आणायला विसरलो होतो." ती हसली. मीही हसलो. आम्ही दोघं फोनवर हसलो त्याला खूप दिवस झाले होते.

पैसे एकोणिसाव्या दिवशी आले. नवं पत्र त्याच्या आधी आलं, त्यात ती ओळ नव्हती. जुन्या पत्राची प्रत मी फाडली.

कागद मात्र मिळाले नाहीत. एजंटला वर दाद मागायची तर नव्वद दिवसांची मुदत आहे, तोपर्यंत ते फायलीत राहणार, असं कारकुनाने सांगितलं. पावती दिली. "तपकिरी कागदाचे तुकडे, नग नऊ." कात्री त्याच्याशी भांडली, तुकडे काय लिहिता, शर्ट लिहा. त्याने लिहिलं नाही.

परवा तिने मला दुकानात उभं करून माप घेतलं. म्हणाली, "छातीत दोन इंच गेलात, पोटात तीन. ताईच्या मापाने शिवला तर तंबू होईल तुमचा. मी नवा कागद काढते."

मी म्हटलं, "तिच्याच कागदावर शीव."

"सैल होईल."

"होऊ दे."

"मग थांबा कचेरीसाठी," ती म्हणाली आणि कापड घडी करून कपाटात ठेवलं.

नव्वदातले अजून सत्तावन्न दिवस आहेत. कागद फायलीत आहेत. शर्ट शिवायचा राहिला आहे.